देशाची सांपत्तिक स्थिती आणि लोकमत



देश सधन होत चालला आहे की निर्धन, ह्याविषयी लोकमत दुभंगलेले असणे नवे नव्हे. दादाभाई नौरोजी ह्यांनी १८६७-६८ सालचा हिशेब करून ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी उत्पन्न वर्षाकाठी २० रुपये पडते असे दाखविले. १८८२ साली सरकारी अंदाज २७ रुपयांचा निघाला. १९०१ साली लॉर्ड कर्झन ह्यांनी तो ३० वर नेला. वाद काय तो दहा रुपयांचा! परंतु सरासरीचा रुपया कोणाच्या पदरी पडतो, हे त्यांतील एकाही आकड्यावरून कळत नाही.

ते १८७७ साली कळले. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरील मजुरीतील धान्याचे प्रमाण दिवसास एका पौंडावर, म्हणजे सुमारे अर्ध्या शेरावर, आणताच मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचा कैवार घेतला व गावोगावची हकीकत जमवून सरकारपुढे मांडिली. त्या सभेत सरदार, सावकार व वकील होते. उपाशी कोणी नव्हते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे १८८० च्या दुष्काळ कमिशननेही, अवर्षणाने शेतकाम थांबून मजुरी बुडते, हेच पहिले संकट मानिले.

म्हणून आमची विनंती अशी की, व्यापाऱ्यांनी आपल्या पेठेतील ज्वारीचा भाव व जमीनदारांनी आपल्या गावची चालू मजुरी देणगीसोबत लिहून पाठवावी. पैसा कोणत्या गावी आधी धाडावा, हे आम्ही त्यावरूनच ठरवू.