पहिल्या रात्रीचा कौल

आपल्या आवडत्या नाटकमंडळीने नवे नाटक लावले, की पहिल्या प्रयोगाला जमणाऱ्या रसिकांच्या मनात उत्सुकतेबरोबर थोडी धास्तीही असते. मागच्या नाटकाने दिलेले सुख आठवत असते आणि ते पुन्हा लाभेल की नाही, अशी शंका मनाला चाटून जात असते. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या बाबतीतही हेच घडते. नवे पर्व सुरू झाले की दुसऱ्याच दिवशी प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, 'पूर्वीची गोडी आता उरली नाही'. दुसरा म्हणतो, 'जरा दम धरा'. या दोघांत न्याय्य बाजू कोणाची, याचा विचार आज एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानमालिकेचे; आणि ती रात्र २० सप्टेंबर १९६८ची, शुक्रवारची.

ही मालिका १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दाखविली गेली. त्यामुळे 'एंटरप्राइझ' हे अंतराळयान, त्याचा धडाडीचा कप्तान कर्क, तापट पण प्रेमळ डॉक्टर मॅकॉय आणि टोकदार कानांचा, भावनेला तर्काच्या मुठीत ठेवणारा मिस्टर स्पॉक ही मंडळी आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाची असतील. जीन रॉडनबेरी या लेखकाने ही सृष्टी निर्माण केली आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी एन्. बी. सी. या प्रक्षेपण कंपनीने ती अमेरिकेत प्रथम दाखविली. सुजाण प्रेक्षकांना ती आवडली. परंतु अमेरिकेत कार्यक्रमाचे आयुष्य ठरते ते प्रेक्षकांच्या गणतीवर, आणि त्या गणतीत मालिकेचे आकडे बेताचेच होते. दुसरे पर्व चालू असतानाच, ती आता बंद होणार, अशी वदंता पसरली.

यानंतर जे घडले ते त्या काळी अपूर्व होते. बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. 'पत्र स्वतःच्या शब्दांत लिहा, सभ्यपणे लिहा', अशा सूचना गावोगावच्या चाहत्यांना धाडण्यात आल्या. कंपनीच्या कार्यालयात पत्रांचा लोंढा सुरू झाला. त्यांची संख्या लाखावर गेल्याचे सांगतात. जानेवारी १९६८मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेक या विख्यात विज्ञानसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी बरबँक येथील कंपनीच्या इमारतीवर मोर्चा नेला. अखेर १ मार्च १९६८च्या रात्री, भाग संपता संपता, 'मालिका पुढील वर्षी चालू राहील', असे कंपनीला जाहीर करावे लागले. मग आभाराची पत्रे येऊ लागली आणि टपाल वाहून नेणाऱ्यांची दमछाक काही थांबली नाही!

प्रेक्षकांनी लढून मिळविलेले हे तिसरे पर्व होते. ज्यासाठी आपण झटलो, त्याच्याविषयी माणसाच्या अपेक्षाही उंच होतात. परंतु पडद्यामागे परिस्थिती निराळी होती. सोमवारी सायंकाळची सोयीची वेळ मिळेल, असे वाटत असताना मालिकेच्या वाट्याला शुक्रवारी रात्री दहाची वेळ आली. त्या वेळी लहान मुले झोपलेली आणि तरुण मंडळी घराबाहेर गेलेली. म्हणजे जो प्रेक्षक हक्काचा, तोच घरी नाही. संतापून रॉडनबेरी दैनंदिन निर्मितीतून बाजूला झाला आणि ती धुरा फ्रेड फ्रायबर्गर या निर्मात्याकडे आली. खर्चालाही कात्री लागली.

अशा स्थितीत पर्वाचा आरंभ झाला तो 'स्पॉक्स ब्रेन', म्हणजे 'स्पॉकचा मेंदू', या भागाने. कथा अशी : एक अनोळखी तरुणी यानावर अवतरते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून घेऊन पसार होते. चोवीस तासांच्या आत तो परत मिळवावयाचा आहे. शोध घेत कर्क एका हिमाच्छादित ग्रहावर पोहोचतो. तेथे पुरुष पृष्ठभागावर रानटी अवस्थेत राहतात, तर स्त्रिया भूगर्भातील सुसज्ज नगरीत. या नगरीची यंत्रे चालविण्यासाठी एक मेंदू लागतो. म्हणून ही चोरी. स्पॉकचे मेंदूविरहित शरीर दूरनियंत्रकाच्या कळा दाबून कळसूत्री बाहुलीसारखे चालविले जाते. शेवटी तेथील प्राचीन ज्ञानयंत्राच्या साहाय्याने मॅकॉय शस्त्रक्रिया आरंभतो. पण उसने ज्ञान मध्येच ओसरते आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच खुद्द स्पॉक डॉक्टरांना पुढच्या सूचना देऊ लागतो.

आपणांस हसू आले असेल. अनेक चाहत्यांना मात्र रडू आले. ज्या मालिकेने वंशभेद, युद्ध आणि सत्ता अशा प्रश्नांना हात घातला होता, तिचे नवे दालन अशा कथेने उघडावे, याचा त्यांना विषाद वाटला. आजही त्या मालिकेतील सर्वांत निकृष्ट भागांची यादी निघाली की हे नाव हटकून पुढे येते. स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय यांनीही, या भागाचे चित्रण करताना आपणांस संकोच वाटत होता, असे पुढे लिहून ठेवले.

परंतु दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही ऐकावयास हवे. कथा लिहिली होती जीन कून याने, 'ली क्रोनिन' या टोपणनावाने. आणि मालिकेच्या उत्तम दिवसांत तिच्या यशाचा मोठा वाटा ह्याच लेखकाचा होता. ही थट्टाच असावी, असे काहींना वाटते. शिवाय डिसेंबर १९६७मध्ये केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले होते. हृदय बदलता येते, तर मेंदूचे काय, हा प्रश्न त्या वर्षीच्या माणसाला निव्वळ पोरकट वाटण्याचे कारण नव्हते. आणि सारे ज्ञान यंत्रात साठवून स्वतः अज्ञानी राहिलेला समाज ही कल्पना तर आज आपणांस अधिकच बोचावी अशी आहे. कल्पना सकस होती. मांडणी फसली, असेच फार तर म्हणता येईल.

आता निवाडा करू या. पहिल्या रात्रीचा कौल त्या भागापुरता चुकीचा नव्हता. चाहत्याने आपल्या आवडीच्या कृतीतील दोष झाकावा, असे मी म्हणणार नाही. पण त्या भागावरून साऱ्या पर्वाचा निकाल लावून ज्यांनी पाठ फिरविली, त्यांचे नुकसान झाले. कारण आठच दिवसांनी, २७ सप्टेंबरला, डी. सी. फॉन्टाना या लेखिकेने लिहिलेला 'द एंटरप्राइझ इन्सिडेंट' हा भाग आला आणि तो आज उत्तम भागांत गणला जातो. २२ नोव्हेंबरच्या भागात गोरा कप्तान आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहूरा यांचे चुंबन दाखविले गेले. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

तरीही मालिका वाचली नाही. ३ जून १९६९ रोजी तिचा अखेरचा भाग दाखविला गेला. पुढे सात आठवडेही झाले नाहीत तोच माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले. पण येथेच एक साधी बेरीज उपयोगी पडते. पहिल्या दोन पर्वांचे भाग होते ५५; तिसऱ्याचे २४; एकूण ७९. अमेरिकेतील स्थानिक केंद्रे जुन्या मालिका विकत घेऊन रोज एक भाग याप्रमाणे दाखवीत, आणि त्यासाठी भागांचा साठा बऱ्यापैकी मोठा असावा लागे. तिसऱ्या पर्वाने तो साठा पुरविला. या पुनःप्रक्षेपणांतून १९७०नंतर मालिकेला नवी पिढी लाभली. १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ शटलला, चाहत्यांच्याच पत्रांमुळे, 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले. १९७९ साली चित्रपट निघाला, १९८७ साली नवी मालिका आली, आणि तो वंशविस्तार पुढे चालतच राहिला.

म्हणजे ज्या पर्वाच्या उद्घाटनाला नाके मुरडली गेली, त्याच पर्वाने त्या सृष्टीला दीर्घायुष्य दिले. पत्रे लिहिणाऱ्यांना वाटले असेल की, आपण मागितले एक आणि पदरात पडले दुसरेच. त्यांची निराशा खरी होती. परंतु प्रेक्षकाला कृती जिवंत ठेवता येते. ती चांगली निपजेल याची हमी त्याला कोणी देऊ शकत नाही. रोप जगावे म्हणून पाणी घालणे आपल्या हाती. पहिला बहर कसा येईल हे मात्र झाडावर, जमिनीवर आणि हवामानावर अवलंबून.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या लाडक्या मालिकेचे नवे पर्व सुरू होईल त्या रात्री जे खटकेल ते अवश्य बोला, परखडपणे बोला. मात्र निकालपत्रावर सही करण्यापूर्वी आणखी एक आठवडा थांबा. कदाचित दुसरा भाग पाहण्याजोगा असेल.