अपुरा विमा कुणाचा, भरपाई कुणाची?



तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं अमेरिकेत गाडी चालवतात.
आजची माहिती त्यांच्या कामाची.

आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात जखमी माणसाच्या भरपाईला वरची मर्यादा नसते.
अमेरिकेत असते.
पॉलिसीवर जेवढी रक्कम लिहिली, तेवढीच कंपनी देते.

कॅलिफोर्निया घ्या.
2025 पासून तिथे एका जखमीसाठी किमान विमा 30 हजार डॉलरचा.
त्याआधी तर 15 हजारांचाच होता!
एका मोठ्या शस्त्रक्रियेत हे पैसे कुठल्या कुठे संपतात.

मग बाकीचे कोण देणार?

इथे स्वतःची पॉलिसी उपयोगी पडते.
तिच्यात ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ हे संरक्षण घेता येतं.
पुन्हा सांगतो.
चूक दुसऱ्याची, विमा त्याचा अपुरा, आणि उरलेली भरपाई देते आपली कंपनी.

समजा, नुकसान लाख डॉलरचं.
आपलं हे संरक्षणही लाखाचं.
समोरच्याच्या कंपनीने 30 हजार दिले.
कॅलिफोर्नियात आपली कंपनी जास्तीत जास्त 70 हजार देईल.
काही राज्यांचा हिशेब याहून उदार आहे.

एक मात्र जपायचं.
समोरच्या कंपनीच्या तडजोडीवर घाईने सही करायची नाही.
आधी आपल्या कंपनीला लेखी कळवायचं.
नाहीतर बऱ्याच राज्यांत हा हक्क हातचा जाऊ शकतो.

आज मुलांचा फोन आला, की एवढं विचाराच:
अपुऱ्या विम्याचं संरक्षण घेतलंय का, आणि किती रकमेचं?