भोकाचा पैसा

मंडळी, पुष्कळ घरांत जुन्या नाण्यांचा एखादा डबा असतो. तो उपडा केला की मधोमध भोक असलेला एक तांबूस पैसा हाती लागतो. पोरे विचारतात, "आजोबा, याला भोक कुणी पाडलं?"

तर ऐका. हे भोक सरकारनेच पाडले आहे.

त्या काळी रुपयाचे १६ आणे होत आणि आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयाला ६४ पैसे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. बंदुकीच्या काडतुसांना तांबे लागे, तोफगोळ्यांना लागे, तारांनाही लागे. तांबे कमी पडू लागले. इकडे बाजारात सुट्ट्या पैशांचीही टंचाई झाली. मग १९४३ साली सरकारने हा नवा पैसा काढला. आधीचा पैसा वजनाला पाच ग्रॅमच्या जवळपास होता. हा भरला सुमारे दोन ग्रॅम. एका जुन्या पैशाच्या धातूत दोन नवे पैसे होऊन वर थोडे उरे! १९४७ पर्यंत हा पैसा निघत होता. मधे भोक, म्हणून त्यावर राजाचा मुखडाही नाही. एका बाजूला मुकुट आहे, दुसऱ्या बाजूला भोकाभोवती पानांचे कडे आहे.

लोकांनी त्याचा आणखी उपयोग केला. कुणी तो लहान मुलाच्या करगोट्यात ओवला. कुणी नटबोल्टाखाली चकती म्हणून बसवला.

भोकाची नाणी आपल्याकडेच झाली असे नाही बरं का. चीनमध्ये तर दोन हजार वर्षे चौकोनी भोकाची नाणी चालली. लोक ती दोरीत ओवून माळ करीत आणि माळेनेच देवघेव करीत.

आता दुसऱ्या प्रकारचे भोक पाहू. आपल्या आयाबाया चांदीच्या रुपयाला भोक पाडून तो गळ्यात घालीत. अडीअडचणीला तीच त्यांची शिल्लक. मग टांकसाळीचे भोक कोणते आणि घरचे कोणते, हे ओळखावे कसे? सोपे आहे. टांकसाळीचे भोक बरोबर मधे असते, आणि अक्षरे व नक्षी त्याला जागा सोडून असतात. घरचे भोक बहुधा कडेला असते. ते एखादे अक्षर तरी खाते. असा रुपया नाणी जमवणारा कमी किमतीला घेतो. पण त्यातली चांदी कुठे जात नाही!

म्हणून मोडीला देण्याआधी रुपयावरचे साल वाचा. ते इंग्रजी आकड्यांत असते, तेवढे आकडे शिकून घ्या. राणीच्या छापाचा रुपया एक तोळा भरे, आणि त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच चांदी आहे. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी मुळीच नाही. साल वाचता आले की सराफाशी नीट बोलता येते.

आणि एक सावधगिरी. "तुमच्या भोकाच्या पैशाचे लाख रुपये देतो, आधी फी भरा," असे फोन हल्ली येतात. भुलू नका. हे पैसे कोट्यवधी निघाले होते. ते दुर्मिळ नाहीत, थोड्या रुपयांत मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे ठक फी मागतात. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सांगितले आहे की, आम्ही असा व्यवहार करीत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ज्याला तुमचे नाणे खरेच हवे आहे, तो तुम्हाला पैसे देईल. तुमच्याकडे आधी मागेल कशाला?

नाणी जमवायला पैसा लागत नाही. घरच्या डब्यापासून सुरुवात करा. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. त्याने वरची अक्षरे झिजतात आणि किंमत उतरते. प्रत्येक नाणे कागदात गुंडाळा. वर साल लिहा, आणि ते घरात कुणाकडून आले तेही लिहा. आता आपल्याला लिहिता येते ना? मग पुढच्या वर्गाला एकेक नाणे घेऊन या. साल आपण मिळून वाचू.