दोषशोधाच्या झेंड्या

सौंसर हे गाव दोन भाषांच्या शिवेवर वसलेले आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौंसर मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली त्याचा समावेश नव्या पांढुर्णा जिल्ह्यात झाला. जिल्हा बदलला, पण घरातली मराठी बदलली नाही. कचेरीचा कागद हिंदीत आणि लग्नाची पत्रिका मराठीत, असा दुहेरी व्यवहार या भागाला नवा नाही. दोन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी. आणि अडचण उद्भवते ती या एकपणातूनच.

मराठी वळणाचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा असतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली काढलेल्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणे सांगितली आहेत. हिंदीत ‘ल’ दंडाचा आणि ‘श’ गाठीचा लिहितात. संगणकाच्या लेखी मात्र दोन्ही ‘ल’ एकच अक्षर आहे. त्याला क्रमांकही एकच. कोणते वळण काढावयाचे, हे मजकुराची भाषा कोणती म्हणून सांगितले आहे यावरून ठरते.

अशी कल्पना करावी की, सौंसरमधल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर जुळविला जात आहे. ‘शुभविवाह’ यातला ‘श’ आणि ‘लग्न’ यातला ‘ल’ पडद्यावर हिंदी वळणाने उमटतात. वधूपित्याला ते खटकते. चालक फाँट बदलून पाहतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो. वळण काही बदलत नाही. ही आज्ञावली लिहिणारा गृहस्थ कोठे तरी दूर देशी असतो. त्याला कळविले तर त्याचे उत्तर ठरलेले: “आमच्याकडे तर सगळे ठीक दिसते.” तो खोटे बोलत नाही, आणि छापखान्याचा चालकही खोटे बोलत नाही. उणीव आहे ती पुराव्याची.

लिनक्सवर चालणाऱ्या पुष्कळ आज्ञावल्यांमध्ये एक अक्षर पडद्यावर येईपर्यंत चार हातांतून जाते. पँगो मजकुराची मांडणी करते, फाँटकॉन्फिग योग्य तो फाँट निवडते, हार्फबझ त्या फाँटातले वळण शोधते आणि फ्रीटाइप ते रेखाटते. या साऱ्यांना लायब्ररी म्हणतात. अनेक आज्ञावल्यांना लागणारे काम एकदाच नीट लिहून ठेवावयाचे आणि सर्वांनी ते वापरावयाचे, ही त्यामागील कल्पना. यांपैकी पँगो, फाँटकॉन्फिग आणि फ्रीटाइप या लायब्रऱ्या सी भाषेत लिहिल्या आहेत. लायब्ररीला स्वतःचा पडदा नसतो, स्वतःची बटणे नसतात. ती दुसऱ्याच्या घरात मुकाट्याने राबते. मग तिला प्रश्न विचारावा कसा?

त्यासाठी झेंडीची युक्ती निघाली. इंग्रजीत तिला फ्लॅग म्हणतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत अशी सोय झाली की, आज्ञावली सुरू होतेवेळी तिच्याबरोबर नाव आणि मूल्य यांच्या जोड्या धाडता याव्यात. लायब्ररी जागी होताच या जोड्या चाळते. तिच्या ओळखीची झेंडी दिसली, तर ती आपले काम करता करता बोलू लागते: अमुक मागणी आली, अमुक फाईल निवडली, अमुक नियम लावला. झेंडी नसेल तर ती पूर्ववत गप्प राहते. मूळ आज्ञावलीतले एक अक्षरही बदलावे लागत नाही.

ही झेंडी अंकांची असावी की नावांची, हा यातला खरा व्यवहाराचा प्रश्न आहे. फाँटकॉन्फिगने अंकांचा मार्ग धरला. निवडीचा तपशील हवा असेल तर १, नियमांचे फेरफार पाहावयाचे असतील तर ४, मांडणीच्या फायली पाहावयाच्या असतील तर १०२४. निवड आणि मांडणी दोन्ही हवी असतील तर बेरीज करून १०२५ लिहावयाचे. यंत्राला हे सोयीचे आहे, कारण प्रत्येक अंक म्हणजे एक बिट, आणि बेरीज कितीही झाली तरी ती पुन्हा निःसंदिग्धपणे फोडता येते. परंतु सहा महिन्यांपूर्वीच्या टिपणात नुसते ‘१०२५’ असे लिहिलेले आढळले, तर त्याचा अर्थ लावण्यासाठी माणसाला पुस्तक उघडावे लागते.

फ्रीटाइपने नावांचा मार्ग धरला. तिच्या झेंडीत ‘मेमरी : ५’ असे लिहिले की स्मृतीच्या हिशेबाचा तपशील पाचव्या पायरीपर्यंत मिळतो; ‘एनी : ३’ लिहिले की सर्वच विभाग तिसऱ्या पायरीपर्यंत बोलतात. आत यंत्र अंकच वापरते. परंतु नाव आणि अंक यांची यादी एकाच ठिकाणी ठेवलेली असते. त्या एकाच यादीतून एकदा अंक तयार होतात आणि एकदा नावे. दोन याद्या ठेवल्या की केव्हा ना केव्हा त्यांत तफावत पडते, आणि मग ज्या झेंडीने दोष सापडावयाचा तीच खोटी साक्ष देऊ लागते.

जीलिब या लायब्ररीने याचा एक सर्वसाधारण नमुनाच करून ठेवला आहे. नाव आणि बिट यांचा तक्ता एकदा दिला की पुढील वाचन तीच करते. ‘ऑल’ म्हटले की सर्व झेंड्या लागतात. ‘ऑल’ बरोबर आणखी एखादे नाव दिले तर तेवढे वगळून बाकीच्या लागतात. ‘हेल्प’ म्हटले की ती कोणकोणती नावे ओळखते त्यांची यादीच समोर ठेवते. ज्याला नाव ठाऊक नाही त्यालाही विचारता यावे, हे अशा व्यवस्थेचे पहिले सौजन्य. जीएनयू सी लायब्ररीतील जोडणी करणारा भाग आणखी एक पाऊल पुढे जातो. त्याला अनोळखी नाव दिले तर तो ते निमूटपणे गिळत नाही. हे नाव ओळखीचे नाही, ‘हेल्प’ म्हणून पाहा, असे बजावतो. एका अक्षराची चूक झाली म्हणून माणसाने तासभर रिकाम्या पडद्याकडे पाहत बसू नये, याची ही काळजी.

परंतु झेंडी म्हणजे बाहेरच्या माणसाला घरात दिलेला एक शब्द आहे, हे विसरून चालत नाही. सी लायब्ररीत २०१७ पासून नावांनी मूल्ये बदलण्याची एक व्यवस्था आहे. तिचे वाचन करणाऱ्या भागात एप्रिल २०२१ मध्ये एक चूक शिरली. नाव, बरोबरचे चिन्ह, पुन्हा नाव, पुन्हा तेच चिन्ह आणि मग मूल्य, असा वेडावाकडा मजकूर आला की तो भाग नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहीत सुटे. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी क्वालिस या संस्थेने हा दोष जाहीर केला. फेडोरा, उबुंटू आणि डेबियन यांच्या तत्कालीन आवृत्त्यांत साधा वापरकर्ता त्याच्या आधारे यंत्राचा सर्वाधिकारी होऊ शकत होता. दारात ठेवलेल्या सूचनांच्या वहीतूनच चोर घरात शिरावा, तसा हा प्रकार. म्हणून विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावल्यांनी अशा झेंड्यांकडे मुळी पाहूच नये, आणि इतरांनी पाहिले तरी आलेल्या मजकुरावर विश्वास टाकू नये, हा नियम पाळावा लागतो.

झेंडी खाली असताना तिचा भार पडू नये, हा दुसरा नियम. एक बिट तपासण्याचा खर्च नगण्य असतो. परंतु फ्रीटाइपसारख्या लायब्रऱ्या नित्याच्या बांधणीत हा भाग बहुधा वगळूनच टाकतात. वेग वाचतो हे खरे. मात्र प्रसंगी लायब्ररीला बोलते करावयाचे तर ती नव्याने बांधून घ्यावी लागते. किती बोलके राहावे आणि किती हलके राहावे, हा निर्णय लायब्ररी लिहिणाऱ्याने आधीच करावयाचा असतो.

आता पुन्हा सौंसरच्या छापखान्यात यावे. चालकाने फाँटकॉन्फिगची एक क्रमांकाची झेंडी लावली, आणि मागणीच्या तपशिलात भाषा म्हणून ‘हिंदी’ असे उमटले. उलगडा झाला. फाँट निर्दोष होता, अक्षर निर्दोष होते. संगणक मांडताना भाषा हिंदी निवडली गेली होती आणि पत्रिका मराठी आहे हे यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. भाषा मराठी अशी नोंदविताच ‘ल’ला पाकळ्या आल्या आणि ‘श’ला देठ. उद्या हा दोष खरोखरच लायब्ररीचा निघाला असता, तरी चालकाच्या हाती नुसती तक्रार राहिली नसती. दूरच्या लेखकापुढे ठेवता येईल अशी ओळीओळींची साक्ष असती.

मोठ्या शहरात, मोठ्या भाषेत काम करणाऱ्याचा दोष लेखकाला स्वतःच्याच पडद्यावर दिसतो. शिवेवरच्या गावातला दोष तेथेच दिसतो आणि तेथेच विरून जातो. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याने तक्ता नीट ठेवावा, नावे अर्थाची द्यावीत आणि विचारणाऱ्याला यादी दाखवावी. तसे झाले म्हणजे सौंसरच्या माणसालाही आपले अक्षर कोठे बिघडले, हे स्वतः शोधून सांगता येईल.