गुळाला सूट कुणी दिली?



 अध्यक्ष म्हणून मधुमेहावरच्या वर्षभरातल्या नव्या औषधांचा आढावा मी घ्यावा असं कार्यक्रमपत्रिकेत छापलंय. तो सकाळच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगला घेतला. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि तेरा कोटींवर लोक उंबरठ्यावर उभे आहेत, हेही आपण जाणता. आढावा एवढा पुरे. बरीच वर्षं एका गोष्टीवर बोलायचं होतं आणि आज माईक माझ्या हातात आहे.

मला गुळावर बोलायचं आहे.

कोल्हापुरात उभं राहून गुळाविरुद्ध बोलणं सोपं नाही. शाहूपुरीची पेठ गुळावर मोठी झाली, २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, दिवाळी पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे अजून बातमी होतात. या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी ऊस आहे. माझ्याही आहे. हंगामात एखादा पेशंट प्रेमानं गुळाचा रवा आणून टेबलावर ठेवतो. मग त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाबा, हा तुला वर्ज्य आहे? आपण गप्प बसतो. ‘साखर बंद करा’ एवढंच लिहितो. तो साखर बंद करतो आणि गूळ सुरू करतो.

करवीर तालुक्यातला एक शेतकरी माझ्याकडे यायचा. गोळ्या वेळेवर, चालणं रोज, भात मुठीएवढा, तरी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) नऊच्या खाली येईना. दोन ठिकाणी औषधं वाढवून झाली होती. मी त्याच्या बायकोला विचारलं, “वहिनी, चहा कशाचा करता?” त्या अभिमानानं म्हणाल्या, “साखर घरात आणतच नाही डॉक्टर. सगळं गुळाचं. तेबी सेंद्रिय!” दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे किसलेला गूळ, शिवाय रात्री भाकरीबरोबर खडा. औषधाला हात न लावता फक्त एवढं थांबवलं. पुढच्या तपासणीत आकडा सातच्या घरात होता.

गुळातला मोठा हिस्सा सुक्रोजच असतो, साखरेत असतं तेच. आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. तिथं ते काहिलीतून आलं की कारखान्यातून, हे कुणी विचारत नाही. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या आसपास कॅलरी, गुळात साडेतीनशेच्या पुढे. लोह असतं, मान्य. पण लोहासाठी मधुमेह्यानं गूळ खावा, हा सल्ला कुणी देऊ नये. त्यासाठी पालेभाजी आहे, मटण आहे. सेंद्रिय उसाचा रसही गोडच असतो. आणि रंग उजळावा, उतारा वाढावा म्हणून काही गुऱ्हाळांवर काहिलीत साखरच ओततात, ही तक्रार तर आपल्या प्रामाणिक गूळ उत्पादकांचीच आहे!

मध्यंतरी आपल्यात दीक्षितांचा आहार की दिवेकरांचा, यावर केवढी भांडणं झाली. दोनदाच जेवायचं की थोडं थोडं, यावर मित्रांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. माझा निकाल ऐका. एकाच घरातले दोन भाऊ माझे पेशंट. थोरला दोनदा जेवणारा, धाकटा दर दोन तासांनी खाणारा. दोघांचीही साखर चढलेली. कारण चूल एकच आणि तिच्यावरचा चहा गुळाचा. थोरल्याचा युक्तिवाद असा, की मधल्या वेळी बिनसाखरेचा चहा चालतो, मग गुळाच्या चहात साखर कुठाय? (इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या चालू असताना जेवणात मोठी फट पाडणं धोक्याचं, हे तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावं. साखर उतरून घाम फुटला, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं. तिथंही गुळाचा खडा चघळत बसू नये, वेळ जातो.)

आपल्या ताटावर माझा राग नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, झुणका, कांदा, ताक, यात बदलण्यासारखं फार थोडं आहे. उसळ आणि कोशिंबीर आधी खाल्ली, भाकरी मागून, तर जेवणानंतरचा आकडा कमी चढतो. मिसळीत दोष मटकीचा नाही, पावाचा आणि मूठभर फरसाणाचा. पांढऱ्या रश्शापेक्षा त्यात कालवलेला भाताचा ढीग महागात पडतो. तरीही आपल्या दवाखान्यांत ओट्स आणि ब्रोकोलीचे छापील कागद वाटले जातात. पन्हाळ्याकडच्या म्हातारीनं ब्रोकोली कुठनं आणायची? त्या कागदावर गुळाचा उल्लेखही नसतो, कारण तो जिथं छापला तिथं हा प्रश्नच नसावा.

एका मधुमेह शिबिरात, नाव घेत नाही, रक्त तपासून झालेल्या लोकांना मंडपाबाहेर गुळाचा चहा दिला जात होता. वर फलक होता: ‘आरोग्यदायी’. मी संयोजकांना विचारलं. ते म्हणाले, “डॉक्टर, एवढ्यानं काय होतंय?”

कोल्हापुरी जेवणाचा मराठीत एक तक्ता करावा, त्यात गूळ, काकवी आणि मध साखरेच्याच रकान्यात टाकावेत, असा माझा विचार आहे. समिती नेमू, नावं जेवणानंतर बोलू. तोवर एवढंच करा. सोमवारी ओपीडीत प्रत्येक मधुमेह्याला विचारा, चहा कशाचा पिता? ‘गुळाचा’ असं उत्तर आलं, तर औषध वाढवण्याआधी चमचे मोजा.