मोटारीचा टायमिंग बेल्ट : बिघाडापूर्वीची दुरुस्ती



अडलेल्या बाळंतिणीला रुग्णालयात नेणारी मोटार वाटेत एकाएकी बंद पडली, की दोष नशिबास दिला जातो. परंतु काही बिघाड वेळीच टाळता येतात. टायमिंग बेल्ट तुटणे हा त्यांपैकी एक होय.

क्रँक शाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅम शाफ्टची एक फेरी व्हावी आणि झडपा नेमक्या क्षणी उघडाव्यात-मिटाव्यात, हे काम अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारींत लोखंडी साखळी करीत असे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये ते दातेरी रबरी पट्ट्याकडे आले. आजही काही मोटारींत पट्टा, तर काहींत साखळी असते. माहितीपुस्तिका पाहून खात्री करावी.

साखळी सैल झाली की बहुधा खडखडते. पट्टा मात्र पुष्कळदा पूर्वसूचनेवाचून तुटतो. अनेक इंजिनांत तो तुटताच पिस्टन उघड्या झडपांवर आदळतात, झडपा वाकतात आणि एका पट्ट्यापायी इंजिनच उघडावे लागते. म्हणून पुस्तिकेतील किलोमीटर अथवा वर्षे, यांपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल, तेव्हा तो बदलावा. मोटार फारशी धावली नाही, तरी रबर जुने होतच असते.

पट्टा बदलताना ताण देणारा टेन्शनर व आयडलर पुली हेही बदलणे हिताचे. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असल्यास तोही बदलावा, आणि तेल पाझरणारे सील नवे घालावेत. कारण तेल व पाणी नव्या पट्ट्याचाही नाश करतात. खोलण्या-जोडण्याची मजुरी मग एकदाच पडते.

कुशल कारागीर थंड इंजिनावरच हे काम करतो. दोन्ही शाफ्टांच्या खुणा जुळवून तो पट्टा चढवितो, ताण योग्य ठेवतो आणि इंजिन पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतो. मध्येच अडल्यास जोर करीत नाही. किल्ली फिरविण्याची वेळ त्यानंतरची.

मोटार चालू असताना खर्च कशाला, असा शेरा फाइलीवर सहज पडतो. तो टाळण्यासाठी पट्टा बदलल्याची तारीख व किलोमीटर लॉगबुकात नोंदवावे आणि पुढील मुदत तेथेच लिहून ठेवावी. शाळेची बस असो वा आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, ही एका ओळीची नोंद ऐन वेळी एखाद्याचा जीव वाचवू शकेल.