ट्रॅक्टर कधी घ्यावा?

(वसंतातील व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे लेखरूप)

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार, घटस्थापना. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होऊन पितृपक्ष संपला होता आणि त्याच रात्री बारानंतर शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. करापूर्वी ज्या ट्रॅक्टरची किंमत सात लाख, त्यावर आधी ८४ हजार कर बसायचा, आता ३५ हजार बसू लागला. म्हणजे एका रात्रीत ४९ हजारांचा फरक.

त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले. चतुर्थीचा मुहूर्त साधून ज्याने हार घातलेला ट्रॅक्टर दारात आणला, त्याने पूर्ण १२ टक्के भरले. 'पितरांच्या पंधरवड्यात नको, घट बसू दे' असे म्हणून जो थांबला, त्याचे पन्नास हजार वाचले. यातून पितृपक्ष पाळण्याचा महिमा सांगायचा नाही. करकपातीची घोषणा १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून झाली होती आणि ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दरही जाहीर केले होते. पंचांग न उघडता नुसते वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही थांबण्याचे कारण मिळाले होते. तरीही शोरूममध्ये गाडीची तारीख ठरते ती बहुधा भिंतीवरच्या कॅलेंडरवरून: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, बलिप्रतिपदा. साडेतीन मुहूर्तांत सगळा बाजार.

मोठी गाडी कधी घ्यावी हा प्रश्न जगभर विचारला जातो. अमेरिकेत तो मोटारहोमबद्दल, म्हणजे चाकांवरच्या घराबद्दल, हमखास निघतो. करोनाकाळात विमाने बंद, हॉटेले बंद, म्हणून तिकडच्या लोकांनी ही घरे धडाक्याने घेतली. २०२१ साली तिथल्या कारखान्यांतून मोटारहोम आणि गाडीमागे ओढायची घरे मिळून सहा लाखांवर वाहने बाहेर पडली, २०२३ साली ३ लाख १३ हजार. गर्दीत घेणाऱ्यांनी छापील किंमत मोजली आणि विकायला निघाले तेव्हा गिऱ्हाईक निम्मे झाले होते. आपल्याकडेही २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि कासच्या फुलांच्या हंगामात अशी एखादी गाडी साताऱ्याच्या घाटात दिसतेही. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चाकांवर संसार पाहायचा तर तो ऊसतोड टोळीच्या ट्रॉलीत दिसतो: कोपीचे बांबू, भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि वर बसलेली पोरे. तो संसार ओढणारा ट्रॅक्टर ही इथल्या कुटुंबाची जमीन-घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी. म्हणून आजचा हिशेब त्याचा.

त्याआधी बैलाचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण वेळ साधून खरेदी करण्याची विद्या इथे ट्रॅक्टरपेक्षा जुनी आहे. खटाव तालुक्यातले पुसेगाव आणि आटपाडी तालुक्यातली खरसुंडी इथल्या यात्रांत खिलार जनावरांचा बाजार भरतो. जाणता शेतकरी पेरणीच्या तोंडावर बैल घेत नाही, कारण तेव्हा सगळ्यांनाच बैल हवा असतो. उन्हाळ्यात माणदेशात जनावर स्वस्त मिळते. पण ते स्वस्त असते कारण वैरण नसते. दुष्काळात म्हसवडकडे जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या, त्या काळात कमी पैशांत बैल घेऊन पावसापर्यंत जगवणाऱ्याचा नफा कडब्याच्या पेंढ्यांत निघून गेला. स्वस्ताईला काहीतरी कारण असते आणि ते कारण दावणीला बांधायची तयारी हवी.

खिलाराने आणखी एक गोष्ट दाखवली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या आणि शर्यतीच्या खोंडाचा बाजार बसला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले, आणि पळणाऱ्या खोंडाच्या किमती लाखांच्या भाषेत बोलल्या जाऊ लागल्या. बैल तोच, पाय तेच, कागद बदलला. यंत्राच्या बाबतीत हे नेहमीच होते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. इंजिनात नवी यंत्रणा आली आणि त्या गटातले ट्रॅक्टर महागले. इथल्या बहुतेकांना लागणारा ट्रॅक्टर पन्नासच्या आतला असल्याने झळ थोड्यांनाच बसली, हे खरे. पण मोठा ट्रॅक्टर घ्यायचाच होता त्याला २०२२ चा डिसेंबर हाच खरा मुहूर्त होता, आणि तो कुठल्याही पंचांगात छापलेला नव्हता.

आता पैशाकडे वळू. कृष्णाकाठी पैसा उसाबरोबर येतो. २०२५-२६ च्या हंगामात गाळप १ नोव्हेंबरला सुरू झाले आणि एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे, न दिल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचे. एफआरपीचे हप्ते पाडणारा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. कागदावर हे झाले. खात्यावर काय होते ते प्रत्येक सभासदाला माहीत आहे. तरी ढोबळमानाने डिसेंबर ते एप्रिल या काळात वाळवा, पलूस, कऱ्हाडच्या सोसायट्यांत पैसा खेळतो आणि पाडवा नेमका त्याच्या शेपटाला येतो. विक्रेत्याला हे ग्राहकापेक्षा चांगले ठाऊक असते. ज्या आठवड्यात बिल जमा होते त्या आठवड्यात घासाघीस करायला तो का बसेल?

तासगाव, मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात घड्याळ वेगळे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी आणि त्यानंतर फवारण्यांचा मारा. दोन ओळींतून जाणारा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागचा ब्लोअर तेव्हा रोजच्या रोज लागतो. दसऱ्याला छोटा ट्रॅक्टर घेणारा बागाईतदार मुहूर्ताच्या नादी लागला असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे काम आणि दसरा एकत्र येतात एवढेच. त्याने दोनचार हजारांसाठी डिसेंबरपर्यंत थांबणे म्हणजे बाग दावण्या रोगाच्या हवाली करणे. उलट नांगरटीसाठी ट्रॅक्टर घेणाऱ्या ऊसवाल्याला दसऱ्याची काहीच घाई नाही. त्याची नांगरट फेब्रुवारीनंतर.

सौद्याची खरी वेळ कुठली? पितृपक्ष. त्या पंधरवड्यात शोरूममध्ये माणूस फिरकत नाही, आणि विक्रेत्याने दसऱ्यासाठी माल भरून ठेवलेला असतो. त्या मालावर त्याला व्याज चालू असते. तेव्हा जाऊन भाव ठरवावा, हूक, बंपर, छत, पहिल्या सर्व्हिसेस, विमा यांपैकी काय किमतीत आहे ते कोटेशनवर लिहून घ्यावे आणि गाडी दसऱ्याला न्यावी. पितर नाराज होत नाहीत, घरची म्हातारी माणसेही होत नाहीत. याला शास्त्राधार मागू नये; व्यवहार मात्र पक्का आहे.

डिसेंबरबद्दल मतभेद आहेत. वर्ष संपताना जुन्या सालाचा माल काढायची घाई असते, म्हणून सूट मिळते आणि ती खरी असते. पण आरसीवर उत्पादनाचा महिना आणि साल येते. २८ डिसेंबरला घेतलेला ट्रॅक्टर चार दिवसांनी बाजाराच्या तोंडी 'गेल्या सालचा' होतो. विम्याच्या कोष्टकात वाहनाची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षभरात १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घटलेली धरतात. म्हणून तीन वर्षांनी बदलायचा असेल तर डिसेंबरची सूट विकताना बरीचशी परत जाते. दहा वर्षे वापरायचा असेल तर साल कोण विचारतो? डिसेंबरच बरा. कृषी अभियांत्रिकीच्या गणितात ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे किंवा दहा हजार तास धरतात, म्हणजे वर्षाला हजार तास.

हा हजार तासांचा आकडा शोरूममध्ये कोणी सांगत नाही, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकर. सव्वातीन एकराला हजार तासांचे काम नाही, शंभर तासांचेही कठीण. समजा साडेसात लाखांच्या ट्रॅक्टरपैकी साडेपाच लाख कर्ज १० टक्क्यांनी काढले. पहिल्या वर्षी व्याज पन्नास हजारांच्या आसपास, घसारा लाखाच्या घरात, वर विमा. डिझेल अजून घातलेलेच नाही. तेवढ्या पैशांत भाड्याच्या ट्रॅक्टरने ते रान वर्षातून किती वेळा उलटेपालटे होईल, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या गावच्या एकरी दराने करावा. अशा घराला ट्रॅक्टर घ्यायची योग्य वेळ कोणती, याचे उत्तर बहुतेकदा 'अजून नाही' असे निघते. चार भावांचे रान एकत्र असेल, भाड्याचे काम हाताशी असेल, किंवा कारखान्याच्या ऊस वाहतुकीचा करार असेल, तर चित्र बदलते.

थांबण्याचेही नुकसान असते, हे विसरू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर महाराष्ट्रभर गेला. आधी घेणाऱ्याला खोल नांगरट आधी मिळाली. ज्याचे काम खरोखर अडले आहे त्याने करकपातीच्या अफवांवर दोन हंगाम घालवणे हा शहाणपणा नव्हे.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर उसाचा हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. ऊस वाहतूकदार कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो, ती तोडणी टोळीच्या मुकादमाला देतो, टोळी आली नाही किंवा मधूनच पळाली तर उचल त्याच्या अंगावर राहते. अशा बुडालेल्या उचलीपायी ट्रॅक्टर विकावे लागलेले वाहनमालक दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या अडचणीत भाव पाडून मिळतो. तो किती पाडायचा हे ज्याच्या त्याच्या मनावर. खरेदीदाराने मात्र पाहायचे ते हे की आरसीवर बँकेचा वा फायनान्सचा बोजा आहे का, असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. नावावर करून घेण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर पैसे देतानाच सह्या घ्याव्यात. ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचे तास मीटरवर कमी दिसले तरी क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल मिस्त्रीला दाखवावा. भरल्या ट्रॉल्यांनी केलेली झीज रंग मारून झाकता येते, मोडल्यावरच उघडी पडते.

शेवटची गोष्ट अनुदानाची, कारण सर्वांत मोठे नुकसान इथे होते. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरला अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना किमतीच्या निम्मे पण जास्तीत जास्त सव्वा लाख, इतरांना ४० टक्के पण जास्तीत जास्त एक लाख रुपये मिळतात. जीएसटीच्या फरकाच्या दुप्पट-अडीचपट ही रक्कम आहे. अट अशी की निवड होऊन पूर्वसंमतीचे पत्र आल्यानंतरच खरेदी करायची. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल तर अनुदान नाही. पाडव्याला ट्रॅक्टर घरी आणून नंतर अर्ज भरणारे दरवर्षी कृषी कार्यालयातून हात हलवत परततात. यंदा ज्यांच्या मनात ट्रॅक्टर आहे, त्यांनी आधी शेतकरी ओळख क्रमांक काढावा, सातबारा आणि आठ-अ नीट करून अर्ज भरावा, आणि पूर्वसंमती येईपर्यंत कोणत्याही शोरूममध्ये आपल्या नावाचे बिल फाडू देऊ नये.